भागाकार-चाचणीने मूळ संख्यांचा शोध : एका साध्या प्रोग्रॅमची उभारणी आणि त्यामागील तर्क

गोषवारा

दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे ठरविणारा प्रोग्रॅम हा संगणक-अभ्यासक्रमातील प्रारंभीच्या पाठांपैकी एक होय. तो लिहिणे सोपे असते. तो बरोबर आहे हे दाखविणे तितके सोपे नसते. प्रस्तुत लेखात भागाकार-चाचणी पद्धतीचे चार टप्पे क्रमाने मांडले असून प्रत्येक टप्प्यामागील गणिती कारण, भागाकारांची संख्या आणि चुकांच्या जागा यांचे विवेचन केले आहे. भाजक तपासण्याचे काम कोठे थांबवावे आणि तेथेच का थांबवावे, हा या सर्व विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीज संज्ञा : मूळ संख्या, संयुक्त संख्या, विभाजक, भागाकार-चाचणी, वर्गमूळ, थांबण्याचा नियम.

१. प्रास्ताविक

ज्या नैसर्गिक संख्येला १ आणि ती संख्या स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या आरंभीच्या मूळ संख्या होत. दोनांपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्येस संयुक्त संख्या म्हणतात. १ या संख्येला एकच विभाजक असल्याने ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. ही व्याख्या शालेय पाठ्यपुस्तकातच भेटते व बहुतेकांच्या स्मरणात असते. मात्र व्याख्या ठाऊक असणे आणि ती व्याख्या यंत्राला समजेल अशा पायऱ्यांत मांडता येणे यांत अंतर आहे. त्या अंतरातच संगणकशास्त्राच्या अध्ययनाचा प्रारंभ होतो.

‘मूळ आहे’ आणि ‘मूळ नाही’ ही दोन उत्तरे सारख्या वजनाची नाहीत, हे येथे प्रथम लक्षात घ्यावे लागते. ९१ ही संख्या मूळ नाही, असे कोणी म्हटले तर त्याने ७ हा एक विभाजक दाखविला की वाद संपतो. एक साक्षीदार पुरेसा असतो. परंतु ९७ ही संख्या मूळ आहे असे म्हणणारा मनुष्य, ‘९७ ला नि:शेष भागणारी कोणतीही मधली संख्या अस्तित्वात नाही’, असे सर्व भाजकांविषयीचे विधान करीत असतो. असे विधान एखाद्या उदाहरणाने सिद्ध होत नाही. त्यासाठी संपूर्ण तपासणी करावी लागते, किंवा एवढी तपासणी पुरेशी का आहे याचे कारण द्यावे लागते. मूळ संख्यांच्या प्रोग्रॅममधील गुण आणि दोष हे दोन्ही या भेदातून उद्भवतात.

२. पद्धतीची थोडी पार्श्वभूमी

भागून पाहणे ही मूळ संख्या ओळखण्याची सर्वांत सरळ रीत होय. लिओनार्दो पिसानो, म्हणजेच फिबोनाची, याने १२०२ च्या ‘लिबेर आबाची’ या ग्रंथात ही रीत सांगितली असून संख्येच्या वर्गमूळापलीकडे जाण्याची गरज नसते हेही त्यास माहीत होते.

या रीतीचा एक उद्बोधक वापर इटालियन गणिती पिएत्रो कताल्दी याने केला. १५८८ मध्ये त्याने (२ चा १७ वा घात उणे १) म्हणजे १,३१,०७१ आणि (२ चा १९ वा घात उणे १) म्हणजे ५,२४,२८७ या दोन संख्या मूळ असल्याचे ठरविले. १६०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी आहे. ५,२४,२८७ चे वर्गमूळ ७२४ हून किंचित अधिक असल्याने त्या यादीतील पहिल्या १२८ मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे होते. हे काम हाताने करावयाचे असले तरी त्याचे उत्तर आजही अबाधित आहे.

तथापि त्याच कताल्दीने घात २३, २९, ३१ व ३७ घेतल्यासही अशाच मूळ संख्या मिळतात असे प्रतिपादन केले. त्यांपैकी केवळ ३१ च्या बाबतीत ते खरे ठरले. २३ घात घेतल्यास मिळणाऱ्या ८३,८८,६०७ या संख्येला ४७ ने भाग जातो. २९ च्या संख्येला २३३ ने आणि ३७ च्या संख्येला २२३ ने भाग जातो. हे तिन्ही भाजक ७५० च्या आतील असून कताल्दीच्या स्वतःच्या यादीच्या कक्षेत येतात. ८३,८८,६०७ च्या बाबतीत तर केवळ पंधराव्या भागाकाराला सत्य बाहेर आले असते, कारण ४७ ही पंधरावी मूळ संख्या आहे. साधन हाताशी असणे आणि ते शेवटपर्यंत चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

३. पहिला टप्पा : व्याख्येबरहुकूम प्रोग्रॅम

पुढील आराखडे कोणत्याही विशिष्ट संगणकीय भाषेत न देता साध्या मराठीत दिले आहेत. सी, जावा, पायथन यांपैकी कोणत्याही भाषेत ते सहज उतरविता येतात. ‘न’ ही तपासावयाची संख्या, ‘भ’ हा भाजक होय.

आराखडा १
पायरी १ : न ही संख्या घ्या.
पायरी २ : न ही २ पेक्षा लहान असल्यास ‘मूळ नाही’ असे लिहा व थांबा.
पायरी ३ : भ ला २ ही किंमत द्या.
पायरी ४ : भ ची किंमत न एवढी झाली असल्यास ‘मूळ आहे’ असे लिहा व थांबा.
पायरी ५ : न ला भ ने भागा. बाकी ० असल्यास ‘मूळ नाही, विभाजक भ’ असे लिहा व थांबा.
पायरी ६ : भ मध्ये १ मिळवा आणि पायरी ४ कडे जा.

या आराखड्यातील दुसरी पायरी पुष्कळदा गाळली जाते. ती गाळल्यास होणारा परिणाम भाषेनुसार बदलतो. ‘भ ही न पेक्षा लहान असेपर्यंत’ अशा अटीने लूप लिहिलेला असेल, तर न = १ असताना लूप एकदाही चालत नाही आणि विभाजक न सापडल्यामुळे १ ही मूळ संख्या म्हणून घोषित होते. वरील आराखड्याप्रमाणे ‘भ = न झाल्यास थांबा’ अशी अट असेल, तर २ पासून पुढे जाणारा भ कधीच १ एवढा होत नाही; परिणामी अपेक्षित जागी थांबणेच घडत नाही. यावरून व्याख्येतील अपवाद प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो, हे दिसून येते.

हा प्रोग्रॅम बरोबर आहे, परंतु उधळा आहे. ९७ साठी तो २ पासून ९६ पर्यंत ९५ भागाकार करतो. ९,९९,९८३ ही दहा लाखांच्या आतील सर्वांत मोठी मूळ संख्या होय. तिच्यासाठी त्यास ९,९९,९८१ भागाकार करावे लागतात. त्यांतील बहुतांश भागाकारांचे उत्तर आधीच ठरलेले असते. न च्या निम्म्याहून मोठी आणि न पेक्षा लहान अशी कोणतीही संख्या न ला नि:शेष भागू शकत नाही, एवढे ध्यानात घेतले तरी निम्मे काम वाचते. मात्र खरी मर्यादा याहून पुष्कळच अलीकडे आहे.

४. दुसरा टप्पा : वर्गमूळापाशी थांबण्याचा नियम

समजा, न ही संयुक्त संख्या आहे आणि न = क × ख असून क व ख हे दोन्ही १ पेक्षा मोठे आहेत. त्यांपैकी लहान असणाऱ्यास किंवा दोन्ही समान असल्यास कोणत्याही एकास क म्हणू. मग क × क ही किंमत क × ख पेक्षा, म्हणजेच न पेक्षा, अधिक असू शकत नाही. याचा अर्थ असा की प्रत्येक संयुक्त संख्येला तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असा, १ खेरीजचा एक तरी विभाजक असतोच. म्हणून वर्गमूळापर्यंत विभाजक मिळाला नाही, तर पुढे तो मिळण्याची शक्यताच उरत नाही.

विभाजक नेहमी जोडीने येतात, असेही हे सांगता येईल. ३६ चे विभाजक २ व १८, ३ व १२, ४ व ९ असे जोडीने येतात आणि ६ स्वतःशीच जोडी करतो. जोडीतील एक ६ च्या अलीकडे असतो, दुसरा पलीकडे. अलीकडच्या सर्वांची तपासणी झाली की पलीकडच्यांची आपोआप झालेली असते.

या नियमानुसार आराखड्यातील चौथी पायरी पुढीलप्रमाणे बदलते :

आराखडा २ (बदललेली पायरी)
पायरी ४ : भ × भ ही किंमत न पेक्षा मोठी झाली असल्यास ‘मूळ आहे’ असे लिहा व थांबा.

येथे वर्गमूळ काढलेले नाही, ही बाब लक्षणीय आहे. संगणक वर्गमूळ दशांश अपूर्णांकात देतो आणि मोठ्या संख्यांच्या बाबतीत त्यात सूक्ष्म त्रुटी राहू शकते. पूर्ण वर्ग संख्येचे वर्गमूळ किंचित कमी मिळाले, तर नेमका आवश्यक तो शेवटचा भाजक वगळला जाईल. भाजकाचा वर्ग करून तुलना केल्यास सर्व गणित पूर्णांकातच राहते.

९७ साठी आता २ ते ९ एवढेच ८ भागाकार लागतात, कारण १० चा वर्ग १०० हा ९७ पेक्षा मोठा आहे. ९,९९,९८३ साठी ९९८ भागाकार पुरतात. जवळजवळ दहा लाखांवरून एक हजाराच्या आत येण्याची ही बचत अधिक वेगवान यंत्राने झालेली नाही. ती चार ओळींच्या सिद्धतेने झालेली आहे.

५. सीमेवरील चूक

वरील अटीत ‘मोठी झाली असल्यास’ याऐवजी ‘मोठी किंवा समान झाली असल्यास’ असे लिहिले गेले तर काय होईल? हा फरक एका चिन्हाचा आहे. ९७, ९१, १००, १०१ या संख्यांवर प्रोग्रॅम चालवून पाहिला तर तो बिनचूक उत्तरे देतो. परंतु ४९ दिल्यास तो २ ते ६ पर्यंतच भागाकार करतो; ७ × ७ = ४९ होताच भागाकार न करताच थांबतो आणि ४९ ला मूळ ठरवितो. हीच गत ४, ९, २५, १२१, १६९ यांची होते.

ही चूक नेमकी मूळ संख्यांच्या वर्गांनाच ग्रासते. ज्या संयुक्त संख्येला वर्गमूळापेक्षा खरोखर लहान असा विभाजक आहे, ती वाचते. ज्या संख्येचा १ खेरीजचा सर्वांत लहान विभाजक वर्गमूळ हाच आहे, ती फसते. १० हजारांपर्यंत अशा संख्या केवळ २५ आहेत, कारण १०० पर्यंतच्या मूळ संख्या २५ आहेत. ८,७७० संयुक्त संख्यांपैकी ८,७४५ ठिकाणी बरोबर उत्तर देणारा हा प्रोग्रॅम आहे. सहज निवडलेल्या दहा-वीस संख्यांवर तपासून त्यास बरोबर ठरविणे किती घातक आहे, हे यावरून कळते. चाचणीसाठी संख्या निवडताना ० व १ ही आरंभीची टोके, २ ही एकमेव सम मूळ संख्या, ४, ९, २५, ४९ हे वर्ग आणि काही मोठ्या मूळ संख्या यांचा समावेश हेतुपुरस्सर केला पाहिजे.

याखेरीज मोजणीचा ताळाही घेता येतो. विशिष्ट मर्यादेपर्यंत किती मूळ संख्या आहेत याचे आकडे निश्चित आहेत.

तक्ता क्र. १ : मर्यादा आणि मूळ संख्यांची संख्या

| मर्यादा | मूळ संख्या |
|---|---|
| १०० | २५ |
| १,००० | १६८ |
| १०,००० | १,२२९ |
| १,००,००० | ९,५९२ |
| १०,००,००० | ७८,४९८ |

आपल्या प्रोग्रॅमने १०,००० पर्यंत १,२५४ मूळ संख्या दिल्या, तर वर्गांची चूक झाली आहे असे समजावे; १,२३० दिल्या, तर १ ही संख्या यादीत शिरली असण्याचा संभव आहे. चूक असल्याचे सांगून तिची जागाही सुचविणारा असा ताळा विद्यार्थ्याच्या फार उपयोगी पडतो.

६. तिसरा टप्पा : निरुपयोगी भाजक वगळणे

२ ने भाग गेला नाही, तर ४, ६, ८ अशा कोणत्याही सम संख्येने तो जाणार नाही. म्हणून २ ची तपासणी स्वतंत्रपणे करून नंतर ३, ५, ७, ९ असे विषम भाजकच घ्यावेत, म्हणजे भ मध्ये दर वेळी १ ऐवजी २ मिळवावेत. काम निम्म्यावर येते.

हाच विचार ३ ला लावला तर आणखी पुढे जाता येते. कोणत्याही संख्येला ६ ने भागल्यास बाकी ०, १, २, ३, ४ किंवा ५ उरते. बाकी ०, २ वा ४ असणाऱ्या संख्या सम असतात आणि बाकी ३ असणारी संख्या ३ ने विभाज्य असते. राहिल्या फक्त बाकी १ व ५ असणाऱ्या. तेव्हा २ व ३ यांची तपासणी केल्यावर ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २५ अशा, आळीपाळीने २ व ४ मिळवून येणाऱ्या भाजकांनीच भागणे पुरेसे होते. या मालिकेत २५ व ३५ यांसारख्या संयुक्त संख्याही येतात. त्यांमुळे उत्तर चुकत नाही. थोडे काम वाया जाते एवढेच.

येथेही एक दक्षता आवश्यक आहे. २ ची तपासणी ‘न सम आहे, म्हणून मूळ नाही’ अशी केली तर स्वतः २ हीच संख्या बाद होते. ३ च्या बाबतीतही तसेच. म्हणून ‘न = २ किंवा न = ३ असल्यास मूळ आहे’ ही पायरी त्याआधी असली पाहिजे. वेग वाढविणारी प्रत्येक सुधारणा असा एखादा नवा अपवाद सोबत आणते.

७. चौथा टप्पा : आपल्याच उत्तरांचा आधार

संयुक्त भाजकांनी भागणे मुळातच अनावश्यक आहे. कोणत्याही संयुक्त संख्येचा १ खेरीजचा सर्वांत लहान विभाजक मूळच असतो. कारण तो संयुक्त असता, तर त्याला त्याहून लहान विभाजक असता आणि तो लहान विभाजक मूळ संख्येलाही भागता. म्हणून भाजक म्हणून केवळ मूळ संख्या घेणे पुरेसे आहे. परंतु त्या आणावयाच्या कोठून? एखाद्या मर्यादेपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांची यादी करावयाची असेल, तर हा प्रश्न आपोआप सुटतो. जी यादी तयार होत आहे, तीच भाजकांचा पुरवठा करते.

आराखडा ३
पायरी १ : यादी रिकामी ठेवा. न ला २ ही किंमत द्या.
पायरी २ : यादीतील मूळ संख्या लहानापासून मोठ्याकडे क्रमाने घ्या. घेतलेल्या संख्येस प म्हणा.
 (अ) प × प ही किंमत न पेक्षा मोठी असल्यास न मूळ आहे. पायरी ३ कडे जा.
 (आ) न ला प ने भागून बाकी ० उरल्यास न संयुक्त आहे. पायरी ४ कडे जा.
 (इ) अन्यथा यादीतील पुढील प घ्या. यादी संपली असल्यास न मूळ आहे. पायरी ३ कडे जा.
पायरी ३ : न ही संख्या यादीच्या शेवटी जोडा.
पायरी ४ : न मध्ये १ मिळवा. मर्यादा ओलांडली नसल्यास पायरी २ कडे जा.

न = २ असताना यादी रिकामी असते, म्हणून २ चा समावेश होतो. न = ३ असताना २ × २ हे ३ पेक्षा मोठे असल्याने ३ चा समावेश होतो. ४ ला २ ने भाग जातो. ९१ ला २, ३ व ५ ने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी १ उरते आणि ७ ने भाग जातो. ९७ ला भागल्यास २, ३, ५, ७ यांच्या बाक्या अनुक्रमे १, १, २, ६ येतात आणि ११ चा वर्ग १२१ असल्याने तेथे काम थांबते. यादी अपुरी पडण्याचे भय नाही. न च्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या न पेक्षा लहान असल्याने त्या आधीच यादीत आलेल्या असतात.

चारही टप्प्यांतील फरक पुढील तक्त्यात दिला आहे. चारही संख्या मूळ असल्याने येथे प्रत्येक रीतीला आपले पूर्ण काम करावे लागते.

तक्ता क्र. २ : मूळ संख्या सिद्ध करण्यासाठी लागणारे भागाकार

| संख्या | न − १ पर्यंत | वर्गमूळापर्यंत | २ व विषम | २, ३ व ६ ची रीत | केवळ मूळ भाजक |
|---|---|---|---|---|---|
| ९७ | ९५ | ८ | ५ | ४ | ४ |
| १०,००७ | १०,००५ | ९९ | ५० | ३४ | २५ |
| ९,९९,९८३ | ९,९९,९८१ | ९९८ | ५०० | ३३४ | १६८ |
| २,१४,७४,८३,६४७ | २,१४,७४,८३,६४५ | ४६,३३९ | २३,१७० | १५,४४८ | ४,७९२ |

खरी झेप पहिल्या स्तंभाकडून दुसऱ्याकडे जाताना घडते. त्यानंतरच्या सुधारणा उपयुक्त असल्या तरी त्यांचा लाभ मर्यादित आहे.

संयुक्त संख्यांचे चित्र मात्र निराळे आहे. निम्म्या संख्या २ पाशीच बाद होतात. २ व ३ मिळून दोन तृतीयांश, तर २, ३, ५ व ७ मिळून ७७ टक्क्यांहून अधिक संख्या निकालात निघतात. म्हणजे यादी करताना बहुतेक संख्यांवर दोन-चार भागाकारच खर्च होतात आणि वेळेचा मोठा वाटा मूळ संख्यांवर, तसेच ज्यांचे विभाजक वर्गमूळाच्या जवळ आहेत अशा संख्यांवर जातो. लहान भाजकांपासून आरंभ करण्याचे कारणही हेच होय.

येथे एक संभ्रम दूर करणे इष्ट ठरेल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील एरॅटोस्थेनिसच्या नावाने ओळखली जाणारी चाळणीची रीत आणि भागाकार-चाचणी या दोन भिन्न रीती आहेत. चाळणीत भागाकार नसतोच. प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडल्या जातात. मोठ्या मर्यादेपर्यंतची संपूर्ण यादी हवी असल्यास चाळणी अधिक वेगवान ठरते. एखादीच संख्या तपासावयाची असल्यास, किंवा तिचा विभाजक हवा असल्यास, भागाकार-चाचणी सोयीची ठरते.

८. यंत्राच्या मर्यादेवरील एक उदाहरण

तक्ता क्र. २ मधील शेवटची संख्या दोन कारणांनी महत्त्वाची आहे. २,१४,७४,८३,६४७ म्हणजे (२ चा ३१ वा घात उणे १) होय. कताल्दीचे प्रतिपादन जिथे खरे ठरले, तीच ही संख्या. ती मूळ असल्याचे लेओनार्ड ऑयलर याने १७७२ मध्ये दाखविले. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक असल्यास त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्याने ओळखले. ४६,३४० पर्यंत अशा बाकीच्या, १ वगळता, केवळ ३७३ संख्या आहेत आणि त्यांतीलही मूळ तेवढ्याच तपासावयाच्या. तक्त्यातील सर्वांत लहान आकड्याहूनही हे काम दहापटीने कमी आहे.

दुसरे कारण संगणकाशी निगडित आहे. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात साठविता येणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच होय. आता आराखडा २ मधील भ × भ ही अट पाहा. भ = ४६,३४० असताना वर्ग २,१४,७३,९५,६०० येतो व तो मर्यादेत बसतो. भ = ४६,३४१ होताच खरा वर्ग २,१४,७४,८८,२८१ असतो आणि तो मर्यादेबाहेर जातो. जावासारख्या भाषेत अशी किंमत ऋण टोकाकडे वळते व उणे २,१४,७४,७९,०१५ अशी दिसते. ती न पेक्षा लहान असल्याने लूप थांबत नाही. पुढेही मिळणारी प्रत्येक किंमत या प्रकारात साठविता येण्याजोगी, म्हणजे न पेक्षा अधिक नसलेलीच असते. अखेरीस भ स्वतः न एवढा होतो, बाकी ० उरते आणि प्रोग्रॅम ऑयलरने मूळ सिद्ध केलेल्या संख्येस ‘मूळ नाही’ असे जाहीर करतो.

यातील गणित निर्दोष आहे; दोष संख्या साठविण्याच्या जागेचा आहे. उपाय साधा आहे. ‘भ × भ ही न पेक्षा मोठी’ याऐवजी ‘भ ही न ÷ भ च्या पूर्णांक भागाकारापेक्षा मोठी’ अशी अट लिहावी. दोन्ही अटी समानार्थी आहेत, परंतु दुसऱ्या अटीत कोणतीही किंमत न पेक्षा मोठी होत नाही. भ = ४६,३४१ असताना भागाकार ४६,३४० येतो आणि लूप योग्य जागी थांबतो. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी ठरावीक मर्यादा नसल्याने हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

९. पद्धतीच्या मर्यादा

भागाकार-चाचणीचे काम संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. संख्येत दोन अंक वाढले की काम सुमारे दहापट होते. सेकंदाला १ अब्ज भागाकार करणारे यंत्र गृहीत धरले आणि वर्गमूळापर्यंतचे सर्व भाजक तपासले, तर १८ अंकी संख्येला सुमारे १ सेकंद, ३० अंकी संख्येला सुमारे साडेअकरा दिवस आणि ४० अंकी संख्येला तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी मांडलेल्या आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीची सुरक्षितता, शेकडो अंकी संख्येचे मूळ विभाजक शोधणे व्यवहारतः अशक्यप्राय असण्यावरच आधारलेली आहे.

मोठी संख्या मूळ आहे की नाही, एवढेच ठरविण्यासाठी मात्र अन्य मार्ग उपलब्ध आहेत. व्यवहारात मिलर-रॅबिन यांची संभाव्यतेवर आधारित चाचणी सर्रास वापरली जाते. संभाव्यतेचा वा कोणत्याही असिद्ध गृहीतकाचा आधार न घेता, अंकांच्या संख्येच्या बहुपदी प्रमाणातील वेळेत हा निर्णय देणारी पहिली रीत ऑगस्ट २००२ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था, कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी मांडली. त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्यास गोडेल पारितोषिक मिळाले.

या रीती संख्या संयुक्त असल्याचे सांगतात, पण सामान्यतः तिचा विभाजक सांगत नाहीत. (२ चा ६७ वा घात उणे १) ही संख्या मूळ असल्याचे मर्सेन याने १६४४ मध्ये म्हटले होते. ती संयुक्त असल्याचे ल्युका याने १८७६ मध्ये दाखविले, परंतु तिचे विभाजक १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे कोल याने १९०३ मध्ये शोधेपर्यंत अज्ञातच होते. भागाकार-चाचणी संथ असली तरी ती ‘नाही’ म्हणताना साक्षीदार हजर करते. म्हणूनच मोठ्या संख्यांच्या तपासणीतही प्रारंभी लहान मूळ संख्यांनी भागून पाहण्याची प्रथा कायम आहे.

१०. निष्कर्ष

१. भागाकार-चाचणीच्या प्रोग्रॅमचा कणा म्हणजे त्याचा थांबण्याचा नियम होय. तो नियम सिद्ध केलेला नसेल, तर ‘मूळ आहे’ हे उत्तर केवळ अंदाज ठरते.

२. वर्गमूळाच्या नियमामुळे होणारी बचत ही इतर सर्व सुधारणांपेक्षा मोठी आहे आणि ती यंत्राच्या वेगावर अवलंबून नाही.

३. प्रोग्रॅममधील चुका प्रामुख्याने सीमेवर आढळतात : १ व २ या संख्या, मूळ संख्यांचे वर्ग आणि साठवणुकीची कमाल मर्यादा. चाचणीच्या संख्या या सीमांवरून निवडल्या पाहिजेत.

४. अध्यापनात आराखडा प्रथम कागदावर ९१, ९७ व ४९ या संख्यांसाठी चालवावा, मग तो यंत्रावर उतरवावा आणि शेवटी तक्ता क्र. १ शी ताळा घ्यावा, असा क्रम सुचवावासा वाटतो.

फर्मा याला (२ चा ३२ वा घात अधिक १) म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ असावी असे १६४० च्या सुमारास वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलरने तिचा ६४१ हा विभाजक दाखविला. दुसरा अवयव ६७,००,४१७ आहे. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. आराखडा ३ मधून मिळालेल्या यादीने ही संख्या तपासल्यास आजचा विद्यार्थी ११६ व्या भागाकाराला तेच उत्तर मिळवितो. फर्मासारख्या श्रेष्ठ गणितीच्या अनुमानाची शहानिशा करण्याचे सामर्थ्य दहा ओळींच्या या प्रोग्रॅममध्ये आहे. मात्र त्यासाठी त्या दहाही ओळी का लिहिल्या, याचे उत्तर लिहिणाऱ्यापाशी असले पाहिजे.